गालगुंडाच्या बाई

आमच्या बाईंइतकी विषाणूला न घाबरणारी आणि इडलीला घाबरणारी व्यक्ती उभ्या नगर जिल्ह्यात दुसरी सापडणार नाही. गालगुंडाच्या विषाणूने भरलेली बाटली त्या तान्हं मूल घ्यावं तशी अलगद उचलत. पण आदल्या दिवशी ज्याच्या घरी इडलीचं पीठ आंबत घातलं होतं असा माणूस दारात दिसला, की दोन पावलं मागे सरत. आंबलेल्या पिठातलं यीस्ट केसांतून, कपड्यांवरून प्रयोगशाळेत येतं आणि एकदा का पेशींच्या बाटलीत शिरलं की दोन दिवसांत सगळं गढूळ करून टाकतं, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. त्यामुळे रोज सकाळी मी दारात चपला काढत असताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "भालेराव, काल घरी काय भिजत घातलं होतं?" या प्रश्नापायी माझ्या बायकोने अठरा वर्षं इडली फक्त शनिवारी रात्री भिजवली, म्हणजे रविवारी खाऊन, भांडी घासून, सोमवारी मी निर्दोष. "तुमच्या बाईंना विचारूनच चूल पेटवायची का आता?" असं ती म्हणे. एकदा बुधवारीच पाहुणे आले, डोसे झाले, आणि मी दारात "मटकी" असं सांगून आत गेलो.  पुढचे आठ दिवस प्रत्येक बाटली उजेडात धरून बघत होतो. काही झालं नाही. पण हे खोटं आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी बाईंशी याहून कितीतरी मोठं खोटं बोललो, दोन वर्षं बोलत राहिलो, आणि त्यात त्यांचं वीस वर्षांचं काम जवळजवळ बुडालं. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मन आधी तिकडेच धावतं. तरी क्रमाने सांगतो.

मी नगरमधल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे आणि बाई तिथे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. मूळच्या देवळाली प्रवऱ्याच्या. वडील शाळामास्तर, घर ख्रिस्ती, लग्न केलेलं नाही. पांढऱ्या कोटाच्या आत पदराला तीन सेफ्टी पिना, दोरीला बांधलेला चष्मा, आणि चालणं असं की जणू हातात कायम काहीतरी भरलेलं आहे आणि ते सांडायचं नाही. त्या माणसाच्या पेशी बाटलीत वाढवत. गुलाबी पाण्यात, सदतीस अंशांच्या उबेत, काचेसारख्या चपट्या बाटल्यांच्या तळाशी त्या पेशी शेवाळासारख्या पसरतात. पाणी पिवळं पडलं की त्यांना भूक लागली असं समजायचं. ज्या माणसाच्या शरीरातून त्या मुळात काढल्या तो कुठल्या देशातला, कुठल्या काळातला, कधीच वारला असणार. त्याच्या पेशी मात्र नगरमध्ये आमच्या इनक्युबेटरमध्ये सुखाने वाढत होत्या. बाई कधीकधी त्या अनोळखी माणसाविषयी हळहळत. "बिचाऱ्याला कळलंही नसेल, भालेराव, की आपण नगरला राहायला येणार आहोत."

त्यांच्या कामाची सुरुवात एका बसमुळे झाली. मी यायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. नेवाशाकडच्या गालगुंड झालेल्या एका मुलीच्या घशातून मिळालेला विषाणू त्यांनी निरोगी पेशींवर सोडला होता. चौथ्या दिवशी सगळ्या पेशी मेल्या. अशी बाटली ब्लीच ओतून नष्ट करायची असते. पण तो नाताळचा आदला दिवस, राहुरीकडे जाणारी बस सुटायला वीस मिनिटं उरलेली, आणि नाताळला घरी पोचलं नाही तर आई वर्षभर बोलत नसे. बाईंनी त्या विषाणूच्या पाण्याच्या तीन कुप्या भरून गोठवल्या, बाटली तशीच आत ठेवली आणि पळाल्या. आठ दिवसांनी येऊन बघतात तो मेलेल्या पेशींच्या गाळात दोन-तीन जागी जिवंत पेशींची बेटं! विषाणू गेला नव्हता. त्या जिवंत पेशींच्या पोटातच होता. आणि तरी त्या वाढत होत्या. "त्यांनी एकमेकांशी जमवून घेतलं होतं," बाई सांगत. त्या दिवसापासून ती बाटली त्यांनी मरू दिली नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पेशी नव्या बाटलीत, नव्या पाण्यात. मधूनच एखाद्या महिन्यात पडझड होई, दहांतल्या नऊ पेशी मरत, बाईंचं जेवण कमी होई, आणि पुन्हा बेटं दिसू लागत. वर्षं जात होती तसा विषाणू मवाळ होत होता आणि पेशी चिवट. वीस वर्षं बाटलीत काढलेला विषाणू ताज्या निरोगी पेशींवर सोडला तर त्या मरत नसत, जेमतेम कुरकुरत. तो बदलला कसा, त्याने काय काय सोडून दिलं, हे बाईंना जगाला दाखवायचं होतं. त्यासाठी आजचा विषाणू हवा आणि पहिल्या दिवसाचा विषाणू हवा. पहिल्या दिवसाचा म्हणजे त्या तीन कुप्या. त्या कुप्या बाईंनी कधीही उघडल्या नाहीत. सगळं काम झाल्यावर, अगदी शेवटी उघडायच्या होत्या.

कोरोनाच्या दिवसांत गल्लीतले लोक या बाईंना विषाणूतलं कळतं म्हणून फाटकाशी येत. एका काकांनी लांबूनच ओरडून विचारलं, "बाई, जाणार कधी हा?" बाई मास्कच्या आतून तितक्याच मोठ्याने म्हणाल्या, "जात नसतो हो तो! राहायला शिकतो!" काका जे घरात शिरले ते पंधरा दिवस दिसले नाहीत. बाईंना वाटलं, आपण त्यांना धीर दिला.

मंगळवार आणि शुक्रवार चुकवायचा नाही हा त्यांचा नियम लग्न, मयत, संप कशालाही वाकत नसे. भाचीच्या लग्नात अक्षता पडल्या रे पडल्या की या निघाल्या. व्याही हात जोडून आडवे आले, "अहो, जेवून जा. घरी कोण आहे तुमच्या?" बाई म्हणाल्या, "वीस-पंचवीस लाख. सगळे उपाशी आहेत." व्याह्यांनी पुढे बराच काळ त्यांच्याविषयी आदराने आणि जरा भीतीने चौकशी केली. कामाच्या वेळा त्या घड्याळावर मोजत नसत, भजनावर मोजत. पेशी बाटलीच्या तळापासून सुटायला औषध घालून दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं. बाई तीन कडव्यांचं एक भजन म्हणत, आणि तिसऱ्या कडव्याला पेशी खरंच सुटत. मी बौद्ध घरातला, पण अठरा वर्षांत ती सगळी भजनं मला पाठ झाली. त्या रजेवर असत तेव्हा मीही दाराला कडी लावून म्हणत असे. घड्याळावर मोजलं तर पेशी नीट सुटणार नाहीत अशी मला धास्ती वाटे.

प्रयोगशाळा जुन्या इमारतीतून एमआयडीसीकडच्या नव्या इमारतीत गेली तेव्हा बाईंनी टेम्पोत सामान घातलं, पण बाटल्या नाही. त्या कुलूपबंद पत्र्याच्या पेटीत घालून, पेटीला गरम पाण्याच्या पिशव्या लावून, आम्ही रिक्षाने निघालो. पेटी माझ्या मांडीवर, बाईंचा हात पेटीवर. प्रत्येक खड्ड्याला त्या रिक्षावाल्याला म्हणत, "सावकाश हो दादा, आत माणसं आहेत." शेवटी त्याने रिक्षाच थांबवली, मागे वळून आम्हा दोघांना नीट मोजलं. "म्याडम, तुमी दोघंच तर हाय की. अजून कोन हाय?" "या पेटीत," बाई म्हणाल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पुढचा सगळा रस्ता त्याने इतक्या हळू रिक्षा चालवली की सायकलवाले पुढे जात होते. उतरल्यावर सुट्टे पैसे देताना म्हणाला, "सांबाळा म्याडमला."

आता त्या कॅनविषयी सांगितलंच पाहिजे. जुन्या पेशी आणि जुने विषाणू कुप्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावे लागतात. इतक्या थंडीत ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. मोठ्या शहरात हा नायट्रोजन कंपनीची गाडी आणून देते. आमच्याकडे आणत ते घोडेगावचे अण्णा. अण्णा गायींना कृत्रिम रेतन करतात. त्यांच्या मोटारसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधलेला असतो आणि त्यात वळूंच्या वीर्याच्या कांड्या. आमचा कॅनही त्यांनीच जुना मिळवून दिलेला. दर पंधरवड्याला ते येऊन भर घालत. एकदा त्यांचा स्वतःचा कॅन बिघडला आणि त्यांनी गीर वळूच्या दहा कांड्या आठ दिवस आमच्या कॅनमध्ये ठेवायची परवानगी मागितली. बाई लगेच हो म्हणाल्या, फक्त लेबल मोठ्या अक्षरात लावायला लावलं. मला त्या आठ दिवसांत धड जेवण गेलं नाही. "घाबरू नका, भालेराव सायेब," अण्णा म्हणाले, "तुमच्या बाटलीत वासरू न्हाई व्हायचं." कॅनमध्ये नायट्रोजन किती उरलाय हे बघायची पद्धत साधी. लाकडी पट्टी आत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथवर पांढरं दव धरेल तिथवर नायट्रोजन. दर मंगळवारी पट्टी बुडवायची आणि आकडा नोंदवहीत लिहायचा, हे काम माझं होतं. बाईंचा एवढा संशयी स्वभाव, पण या एका कामात त्यांनी कधी मागे वळून पाहिलं नाही. "भालेरावांची पट्टी म्हणजे भालेरावांची पट्टी," असं त्या पाहुण्यांना सांगत.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझी आई मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पाच आठवडे दवाखाना. आणि बाईंचा एक नियम होता, जो इडलीहून कडक होता: दवाखान्यात पाऊल टाकलेल्या माणसाने आठ दिवस प्रयोगशाळेत यायचं नाही. मी रोज दवाखान्यात जात होतो. म्हणजे पाच आठवडे अधिक आठ दिवस मला बाहेर राहावं लागलं असतं, आणि मग मंगळवार-शुक्रवारचं काय? निदान मी स्वतःला असं सांगितलं. खरं म्हणजे मला वाटत होतं की माझ्यावाचून तिथलं पान हलत नाही, आणि ते तसंच वाटत राहावं अशी माझी इच्छा होती. म्हणून बाईंना काहीच सांगितलं नाही. पहाटे आईचं करायचं, घरी येऊन डोक्यावरून अंघोळ, धुतलेले कपडे, प्रयोगशाळा, दारात "काय भिजत घातलं होतं?" "काही नाही, बाई." मग पेशींचं काम जीव ओतून करायचं आणि कॅनकडे जायला वेळच उरायचा नाही. दर आठवड्याला साधारण दोन बोटं नायट्रोजन उतरतो हे मला ठाऊक होतं. पहिल्या मंगळवारी मी पट्टी न बुडवता दोन बोटं कमी करून आकडा लिहिला. दुसऱ्या मंगळवारीही, आणि असे पाच मंगळवार. कॅनच्या गळ्यावर बर्फ धरल्यासारखं दिसत होतं; म्हणजे कॅन आतून निकामी होत चाललाय आणि नायट्रोजन भराभर उडतोय. ते मी पाहिलं आणि उन्हाळा आहे म्हणून सोडून दिलं. अण्णांचा फोन आला तेव्हा मी नोंदवहीतला माझाच आकडा त्यांना वाचून दाखवला. "भरपूर आहे, अण्णा. पुढच्या खेपेला या."

ते आले तेव्हा बाई वर्गावर होत्या. त्यांनी झाकण उचललं, आत डोकावले आणि म्हणाले, "आरं तिच्या! कोरडा ठक्क हाय की ह्यो!" मी धावत गेलो. आतून धूर येत नव्हता. मी हात घातला तर गारवाही धड नव्हता. "कदीपास्नं?" अण्णांनी विचारलं. मला सांगता येईना.  कुप्या रांगेत नीट उभ्या होत्या, लेबलं स्वच्छ, बाईंचं रेखीव अक्षर. अण्णांनी त्यांच्याजवळचा जादा कॅन उतरवला, कुप्या त्यात घातल्या, वरून नायट्रोजन ओतला. धुराचे लोट निघाले आणि एका मिनिटात सगळं पूर्वीसारखं दिसू लागलं. हेच सगळ्यात भयंकर होतं. बघून कुणालाही काही कळलं नसतं. "आमच्यात आसं हुतं, सायेब," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "कॅन कोरडा पडला, तरी कांड्या दिसत्यात तशाच. आमी त्याच कांड्या गाईला भरतो. गाय उलटती, गाभण ऱ्हात न्हाई. मग मालक गाईला नावं ठिवतो. गाईचा काय दोष? सांगून टाका म्याडमला." मी म्हणालो, आज नको. त्या दिवशी बाईंना एवढंच सांगितलं की जुना कॅन बिघडत होता म्हणून वेळेत बदलून घेतला. बाईंनी माझं कौतुक केलं.

त्यानंतर अण्णा दर पंधरवड्याला येत, भर घालत आणि जाताना विचारत, "सांगितलं का?" "नाही." "बरं," म्हणून मोटारसायकलला किक मारत. मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा चहाच्या वेळी "बाई, एक बोलायचं होतं" इथवर आलो, तर त्यांना वाटलं मला पगारवाढीचा अर्ज हवाय. त्यांनी तो लिहूनही दिला. एकदा कॉलेजच्या फाटकाशी गाठलं, तर त्या भजनाच्या दुसऱ्या कडव्यात होत्या. मग माझ्या मनाने वेगळीच वाट काढली. जुन्या कुप्या गेल्या असतील तर निदान बाटलीतला जिवंत वंश तरी मरता कामा नये. मी दिवसातून पाच वेळा इनक्युबेटरचं तापमान बघू लागलो, सुट्टीच्या दिवशी उगीच चक्कर मारू लागलो, घरी दही लावायचं बंद केलं. वीज गेली की मी आधी इनक्युबेटरकडे धावायचो. बाई माझ्याकडे बघून हसत. "पूर्वी मी अशी होते. आता तुम्ही झालात. मला आता फारशी काळजी वाटत नाही, कॅन आहे ना!" मी त्या वाक्याला दरवेळी मान डोलवत होतो.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका संस्थेने बाईंना कळवलं, की तुमचा पहिला विषाणू आणि आजचा विषाणू, दोघांची सगळी अक्षरं आम्ही वाचून देऊ. विषाणूच्या पोटात पंधराएक हजार अक्षरांची एक ओळ असते. ती वाचली की कुठे काय बदललं ते दिसतं. बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले. आणि पाठवण्याआधी पहिला विषाणू पुन्हा एकदा निरोगी पेशींवर सोडून दाखवायचा, म्हणजे त्याचा मूळचा मारकपणाही नोंदवला जाईल, असं त्यांनी ठरवलं. सोमवारी सकाळी ठेवणीतली साडी नेसून त्या आल्या. कॅनमधून पहिल्या तीनपैकी एक कुपी काढली, कोमट पाण्यात भजन म्हणत वितळवली, आणि ताज्या पेशींवर सोडली. मी शेजारी उभा होतो. एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. मी बोललो नाही. कदाचित जिवंत असेल, कदाचित थोडा उरला असेल, असं मनात म्हणत राहिलो.

चौथ्या दिवशी पेशी मरायला हव्या होत्या. मेल्या नाहीत. सहाव्या दिवशी त्या इतक्या तजेलदार होत्या की बाटलीत जागा पुरेना. बाईंनी दुसरी कुपी काढली. तिचंही तेच. मी वाट बघत होतो की त्या आता म्हणतील, कुपी मेली आहे, कॅनचं काहीतरी झालंय. त्यांनी नोंदवही मागवलीही. शेवटच्या दोन वर्षांची सगळी पानं उलटली, माझे आकडे बोटाने एकेक खाली वाचत गेल्या. सगळे आकडे व्यवस्थित होते. त्यांनी वही मिटली, चष्मा काढला आणि मायक्रोस्कोपसमोरच्या स्टुलावर बसल्या.

"भालेराव," त्या म्हणाल्या, "मीच चुकले असणार. तो पहिल्यापासून असाच मवाळ असेल."

"पण बाई, तेव्हा पेशी मेल्या होत्या."

"त्याने मेल्या की मी मारल्या? नवीन होते मी. हात बसला नव्हता. पाणी बदलायला उशीर केला असेल, उपाशी मेल्या असतील. आणि मी वीस वर्षं म्हणत बसले, हा बदलला, हा शहाणा झाला." त्यांनी पदराने चष्म्याची काच पुसली. ती आधीच स्वच्छ होती. "पुण्याला कळवते, काही पाठवायचं नाही म्हणून. न बदललेल्याची अक्षरं वाचून काय करायचं?"

आतापर्यंत मी फक्त लपवत होतो. आता माझ्या गप्प बसण्यातून एक खोटा निष्कर्ष तयार होत होता, आणि बाई स्वतःच्या हाताने तो लिहायला निघाल्या होत्या.

"तुम्ही चुकला नाहीत, बाई. कॅन कोरडा पडला होता."

"कधी?"

"दोन वर्षांपूर्वी. कॅन बदलला तेव्हा."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"नोंद तर आहे."

"ते आकडे मी पट्टी बुडवून लिहिलेले नाहीत. घरून ठरवून यायचो."

बाईंनी हातमोजे काढले. एकेक बोट सोडवत, फार वेळ लावून. "का?"

"आई दवाखान्यात होती. पाच आठवडे."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला आत घेतलं नसतं. मंगळवार-शुक्रवार कुणी केला असता?"

"मी केला असता, भालेराव!" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की शेजारच्या खोलीतलं टायपिंग थांबलं. "मला दोन हात आहेत!"

मग चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. इनक्युबेटरच्या दारावर चिठ्ठ्या लावत. 'श्री. भालेराव यांनी पट्टी जागेवर ठेवावी.' 'श्री. भालेराव यांनी शुक्रवारची बाटली बघावी.' अठरा वर्षांत मला त्यांनी कधी श्री. लावला नव्हता, आणि त्या एका अक्षराने माझा जीव अर्धा होत होता. घरी बायकोने विचारलं, "अहो, बाई रागावल्यात का?" मी म्हणालो, त्यांनी मला सन्मानाने वागवायला सुरुवात केलीय. ती समजली.

पाचव्या दिवशी बाईंनी वही माझ्यासमोर ठेवली आणि निळं पेन दिलं. प्रयोगशाळेत चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत, गिरगटत नाहीत. तिच्यावरून एकच आडवी रेघ ओढायची, म्हणजे खालचं वाचता येतं; आणि शेजारी खरं काय ते लिहून सही करायची. "प्रत्येक मंगळवारी," त्या म्हणाल्या. मी रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं: पाहिलं नाही. भालेराव. दुसऱ्या ओळीला पुन्हा तेच. पाच वेळा. तिसऱ्या वेळी माझं अक्षर बिघडलं. बाई शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि माझं लिहून होईपर्यंत उठल्या नाहीत. शेवटच्या सहीनंतर त्यांनी पेन काढून घेतलं आणि त्याच पानाच्या तळाशी स्वतः एक ओळ लिहिली, की दवाखान्यात जाणाऱ्याला आठ दिवस बंदी हा नियम आजपासून रद्द. खाली सही, तारीख. मला म्हणाल्या, "घरी यायचंय मला. आईंना बघायला." आल्या. वॉकर धरून चालणाऱ्या माझ्या आईशेजारी तासभर बसल्या. आई त्यांना म्हणाली, "आमच्या ह्याचं काय चुकत नाय ना तिथं?" बाई म्हणाल्या, "चुकतं. पण सांगतो."

एवढं मोठं मन दाखवायला माझं सांगणं फार उशिराचं होतं. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

पुण्याला त्यांनी सगळं जसं झालं तसं लिहून कळवलं. उत्तर आलं, की मेलेल्या विषाणूचीही अक्षरं कधीकधी वाचता येतात. उरलेली कुपी पाठवा. तिसरी कुपी गेली. बाई म्हणाल्या, "मेलेलं वाचता येईल. पण याने तेव्हा पेशी मारल्या होत्या का, हे आता त्याला विचारता येणार नाही." दोन महिन्यांनी अक्षरं आली. तुटक तुटक, पण आली. बाईंनी टेबलावर कागदाच्या पट्ट्या जोडून वरच्या ओळीत पहिला विषाणू मांडला, खालच्या ओळीत आजचा. जिथे फरक होता तिथे लाल पेन्सिलीने गोल. गोल बरेच होते. तो खरंच बदलला होता. पण वरच्या ओळीत मधला एक मोठा तुकडा वाचताच आला नाही. तिथे बाईंनी काही न भरता कोरी जागा सोडली. लेखातही ती तशीच गेली, आणि का गेली तेही लिहिलं.

आता बाई देवळालीत असतात. भोवती ऊस, घर लहान, डोळ्यांना फारसं दिसत नाही. बाटल्या मी सांभाळतो. मंगळवारी आणि शुक्रवारी पेशी नव्या पाण्यात जातात, आणि विषाणू त्यांच्यात आहेच. महिन्यातून एका रविवारी मी राहुरीच्या बसने जातो. जेवण झालं की बाई आरामखुर्चीत डोळे मिटून बसतात आणि म्हणतात, वाचा. तो लेख छापून आल्यापासून त्यांनी माझ्याकडून कितीदा तरी वाचून घेतला असेल. ती अक्षरं वाचून दाखवायला लागतात, एकेक, खूप वेळ लागतो, पण त्यांना कंटाळा येत नाही. कोरी जागा आली की मला थांबायला होतं. दरवेळी होतं.  बाई डोळे उघडत नाहीत. थोडा वेळ जाऊ देतात आणि मग म्हणतात, "पुढे वाचा, भालेराव."